पाच चित्रपटांचा जॉन कझाल: कसब की योगायोग?

सुमंत_द
गेल्या रविवारी ‘द गॉडफादर’ बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिला आणि या खेपेला माझे लक्ष मधल्या भावावर, म्हणजे फ्रेडोवर, खिळून राहिले. संत्री घेणाऱ्या बापावर गोळ्या झाडल्या जातात तेव्हा तो धडपडत गाडीबाहेर येतो, पिस्तूल त्याच्या हातून निसटते आणि शेवटी तो पदपथाच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडतो. ही भूमिका करणाऱ्या जॉन कझालविषयी जिथे पाहावे तिथे एकच माहिती दिलेली असते: त्याने पाचच चित्रपट केले, पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन मिळाले आणि त्यांपैकी तिघांनी तो पुरस्कार जिंकला. पण पुरस्कार चित्रपटांना मिळाले; त्याला स्वतःला ऑस्करचे नामांकन एकदाही मिळाले नाही. मग चांगल्या दिग्दर्शकांच्या हाती लागलेला एक नशीबवान नट, एवढेच त्याच्याबद्दल म्हणायचे का? जाणकारांनी आपले मत सांगावे.

मेधा कु.
त्या पाचाच्या आकड्याने कझालचे भले होण्यापेक्षा नुकसानच अधिक झाले आहे, कारण तो आकडा सांगितला की माणसाविषयी आणखी काही सांगायची गरज कोणाला वाटत नाही. 1935 साली जन्मलेला हा नट पडद्यावर पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो 1972 मध्ये. म्हणजे त्याआधीचे सगळे उमेदीचे आयुष्य रंगभूमीवर गेले. बोस्टन विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि पोटासाठी स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप्याचे काम करू लागला. तिथेच दुसरा एक निरोप्या त्याला भेटला, तो अल पचिनो.

आपल्याला विशेष वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. इस्रायल होरोविट्झच्या ‘द इंडियन वॉन्ट्स द ब्राँक्स’ या नाटकात कझालने गुप्ता नावाच्या भारतीयाची भूमिका केली. मुलाकडे जायला निघालेला, इंग्रजी जवळजवळ न येणारा हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका बसथांब्यावर रात्री दोन टवाळ पोरांच्या तावडीत सापडतो. त्याच्या तोंडी हिंदी वाक्ये आहेत, जी समोरच्या प्रेक्षकाला कळणारच नाहीत. त्यामुळे भीती, आर्जव, गोंधळ हे सगळे चेहऱ्याने आणि आवाजानेच पोहोचवायचे. त्या पोरांपैकी एक पचिनो होता. 1968 मध्ये दोघांनाही ओबी पुरस्कार (न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे छोट्या नाट्यगृहांतल्या नाटकांसाठीचा पुरस्कार) मिळाला. गोऱ्या नटाने भारतीयाचे सोंग घ्यावे हे आज खटकेल आणि खटकायलाही हवे. पण फ्रेडोची अगतिकता कुठल्या तालमीतून आली असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

जुना_प्रेक्षक
मेधाताईंशी सहमत आहे. फक्त अगतिकता या एका शब्दात कझाल मावत नाही, असे मला वाटते. दुबळा माणूस रंगवताना बहुतेक नट नकळत प्रेक्षकाकडे दयेची याचना करतात, तशी तो करत नाही. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागातला टाहोच्या तळ्याकाठचा प्रसंग आठवून पाहा. मागे मोठी खिडकी, बाहेर बर्फ, आणि फ्रेडो एका उतरत्या खुर्चीत जवळजवळ आडवा पडलेला. धाकट्या भावाने आपल्याला डावलले, ही वर्षानुवर्षे साचलेली मळमळ बाहेर पडते तेव्हा तो त्या खुर्चीतून उसळतो, पण तिच्यात धड ताठ बसता येत नाही. मीही हुशार आहे, असे ओरडून सांगणारा माणूस अर्धवट लवंडलेला आहे. त्या क्षणी त्याची कीव येते, हसूही येते आणि त्याने दगा दिला आहे हेही विसरता येत नाही.

‘डॉग डे आफ्टरनून’मधला सॅल याच्या अगदी उलट आहे. मुळात ज्या खऱ्या दरोड्यावर तो चित्रपट बेतला, त्यातला सॅल अठरा वर्षांचा पोरगा होता आणि चाळिशीकडे झुकलेल्या कझालला घेण्यास दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट आधी तयार नव्हते. पचिनोच्या आग्रहाखातर त्यांनी त्याचे वाचन ऐकले आणि मत बदलले. देश सोडून कुठे जायचे, असे विचारल्यावर सॅल गंभीरपणे विचार करतो आणि उत्तर देतो, ‘वायोमिंग’. हे उत्तर संहितेत नव्हते. वायोमिंग अमेरिकेतच आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात बंदूक आहे, ही जाणीव हसता हसताच होते.

सुमंत_द
आभारी आहे. खुर्चीचा प्रसंग लगेच लावून पाहिला. एक शंका राहते: शेवटच्या चित्रपटात त्याच्या आजाराचा कामावर परिणाम जाणवतो का?

मेधा कु.
चेहरा ओढलेला दिसतो, काम मात्र ढिले पडलेले नाही. 1976 मध्ये सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’मध्ये तो आणि मेरिल स्ट्रीप एकत्र आले आणि पुढे सोबतच राहू लागले. त्यानंतर त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ‘द डिअर हंटर’च्या वेळी अशा नटाचा विमा उतरत नाही म्हणून निर्मात्यांना तो नकोसा झाला होता, पण दिग्दर्शक मायकल चिमिनो यांनी त्याचे सगळे प्रसंग आधी चित्रित करून घेतले. मार्च 1978 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो गेला; पूर्ण झालेला चित्रपट त्याने पाहिला नाही. त्यात त्याचा स्टॅन शिकारीला येताना दर वेळी काहीतरी विसरतो. यंदा बूट विसरला म्हणून तो रॉबर्ट डी नीरोकडे जादा जोड मागतो आणि डी नीरो साफ नकार देतो. मित्रांच्या देखत मानहानी झालेला हा माणूस क्षणात चिडून वाटेल ते बोलू लागतो. तो प्रसंग पाहावा.

जुना_प्रेक्षक
‘द कॉन्व्हर्सेशन’ राहिला असेल तर तोही पाहावा. तिथेही त्याचे नाव स्टॅनच आहे. चोरून संभाषणे टिपणाऱ्या जीन हॅकमनचा तो मदतनीस आहे आणि ही माणसे कोण, त्यांच्यात काय चालले आहे, असे सारखे विचारत राहतो. हॅकमनला त्या प्रश्नांचा राग येतो. आपल्याला मात्र तेच प्रश्न पडलेले असतात.