मदत हवी आहे: चर्चच्या पाइप ऑर्गनचा एक सूर बंदच होत नाहीये (नाशिक)

नमस्कार मंडळी, आमच्या चर्चमधे जुना, हाताने बनवलेला पाइप ऑर्गन आहे, पूर्ण मेकॅनिकल, म्हणजे पट्टी दाबली की लाकडी काड्या ओढल्या जातात आणि पाइपांखालची झडप उघडते, वीज लागते ती फक्त हवा भरणाऱ्या ब्लोअरला. यंदा पावसाचा जोर वाढल्यापासून मधल्या सप्तकातली पांढरी पाच ही पट्टी ब्लोअर सुरू केला की आपोआप वाजायला लागते. कुठलाही स्टॉप (पाइपांचा कुठला संच वाजायचा ते ठरवणारी खुंटी) ओढा, वाजतेच, सगळे स्टॉप आत ढकलले की गप्प. पट्टी बोटाने जरा वर उचलून धरली तर थांबते. उपासनेत प्रार्थना सुरू झाली की मला ब्लोअरच बंद करावा लागतो, फार वाईट वाटतं.

एक पेटीवाले काका येऊन बघून गेले. पायपेटी, नाटकातला ऑर्गन सगळं दुरुस्त करतात ते, पण त्यात पितळी सूर असतात, इथे बहुतेक पाइप बासरीसारखे फटीवर हवा कापून वाजतात, म्हणून त्यांनी हात लावला नाही आणि तसं सरळ सांगितलं, ते बरंच झालं. कमिटीत काहीजण म्हणतात काड्यांवर तेलाचा स्प्रे मारा, एक पाइप चेपलाय तो तांबट आळीत डाग देऊन आणा, आणि नाहीतर नाताळच्या आत इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच घेऊ. जर्मनीतली ऑर्गन बनवायची कला २०१७ मधे युनेस्कोच्या यादीत गेली आणि आपण आपला अडगळीत टाकायचा? मला हा वाचवायचाय. कोणी असं काम केलंय का, सुरुवात कुठून करू?

वसईकर: दादा, तेल अजिबात नको, लाकूड आणि झडपेचं चामडं दोन्ही खराब होतं. पाइप शिसं-कथलाचा असेल तर तांबटाकडेही नको, हा धातू १८३ अंशांपासूनच वितळायला लागतो, तांब्याचे बंब जोडायच्या ज्योतीत तो टिकणार नाही. पट्टी उचलल्यावर थांबतो म्हणजे झडप बहुतेक ठीक आहे, दमटपणाने लाकूड फुगून काडी ताणली गेलीये. ब्लोअर बंद करून त्या काडीच्या टोकाला तारेवर चामड्याची छोटी गोल चकती असेल ती अर्धा आटा सैल करून बघा. तरी वाजला तर काडी सोडवा, मग थांबला तर दोष काडीत किंवा पट्टीत, नाही थांबला तर बहुतेक झडपेच्या फटीत कचरा अडकलाय, झडपांच्या पेटीची पुढची फळी काढून झडप बोटाने ओढायची आणि जाड कागद फिरवायचा.

धागाकर्ता: खूप खूप आभार! चकती सापडली, सैल केली आणि आज पूर्ण उपासना सूर अडकला नाही, पाळक साहेबांनी स्वतः येऊन विचारलं काय केलंत म्हणून. आता एकच शंका, थंडीत लाकूड सुकलं की हीच काडी ढिली पडून पट्टी दाबल्यावर झडप अर्धवट उघडेल ना, मग नाताळच्या आधी परत आवळायची की ऑर्गनजवळ डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र) लावून हवाच सारखी ठेवायची? कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे, त्याआधी कळलं तर खर्च मांडता येईल.