भाजीच्या उंच वाफ्यांना औषध पाजलेलं लाकूड चालेल का?

पालवी: उंच वाफे करायला घेतलेत. माझं मत ठाम आहे: खायच्या भाजीभोवती रसायन पाजलेल्या फळ्या नकोत. लाकूड कुजू नये म्हणून करायच्या जुन्या सीसीए प्रक्रियेत क्रोमियम, तांबं आणि विषारी आर्सेनिक असायचं. अमेरिकेत घरगुती कामांसाठी ते २००३ अखेर थांबलं, पण तेव्हाच्या डेकच्या आणि कुंपणाच्या फळ्या लोक उपसून पुन्हा वापरतात. आर्सेनिक झिरपून लगतच्या मातीत उतरतं. क्रिओसोट (डांबरी तेल) पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर तर नकोतच. साग नाहीतर देवदार घ्यावा.

मातीमाय: पालवीताई, जुन्या लाकडाबद्दल शंभर टक्के मान्य. पण लाकूड टिकवायच्या आताच्या एसीक्यू किंवा कॉपर अझोल प्रक्रियेत आर्सेनिक नसतं, मुख्य काम तांबं करतं. अशी पाइनची फळी मातीत बरीच वर्षं टिकते. सागाचा चांगला गाभा, म्हणजे खोडाच्या आतलं पक्कं लाकूड, तयार व्हायला कित्येक दशकं लागतात. तो चार मेथीच्या जुड्यांसाठी मातीत कुजायला घालायचा? मला हे पटत नाही. एकच सांगते, तांब्यामुळे साधे खिळे लवकर गंजतात, गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्क्रू वापरा.

पालवी: तांबंसुद्धा थोडं का होईना, मातीत उतरतंच ना? गाजर, मुळा कडेला असतील तर माती चिकटूनच घरात येते. धुतो आपण, पण लहान मुलं वाफ्यातच उपटून खातात. फळी कापताना पडणारा भुसा वेगळाच.

रंधा: दोघींच्या वादात गाभा आणि सालीलगतचं लाकूड यांतला फरक राहून गेला. जातीचं नाव बघून फळी घेऊ नका. मी देवदार म्हणून आणलेल्या फळ्यांत निम्मा भाग सालीलगतचा, पांढरट होता. दुसऱ्या वर्षी नेमका तोच भुसभुशीत झाला, गाभ्याचा तांबूस भाग अजून टणक आहे. सालीलगतचं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, बुरशी आणि वाळवी तिथूनच सुरुवात करतात. शिवाय जाडी बघा. एक इंची लांब फळी ओल्या मातीच्या भाराने फुगते. दीड-दोन इंची घ्या, मध्ये खुंटी ठोका.

वाफेकरी: माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या का नाहीत? शिक्का वाचा. एचटी म्हणजे लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडा.

रंधा: शिक्का फक्त किडीवरचा उपाय सांगतो, दादा. त्यावर कोणता माल सांडला होता ते नाही. शिवाय तापवल्याने लाकूड कुजायचं थांबत नाही, आणि फळ्या पातळ.

मातीमाय: मधला मार्ग: नवीन एसीक्यू फळी, आतून बाजूंनाच जाड प्लास्टिक, तळ मोकळा. मातीचा थेट स्पर्श टळतो.

पालवी: फुलांच्या वाफ्याला हे करेन. भाजीला गाभ्याचीच फळी, आणि कुजली की बदलेन. रंधा, गाभा ओळखायला फळीचं टोक बघायचं की पृष्ठभाग?

रंधा: टोक. तिथे रंगाची सीमा स्पष्ट दिसते.