उपग्रहावरून वारा कसा काय मोजतात?

चांदणवेल
तापमान मोजतात ते कळतं, हवेतून येणाऱ्या किरणांवरून काढतात. पण वारा तर दिसतच नाही ना. ढग किती सरकले त्यावरून काढतात असं वाचलंय, मग जिथे ढगच नाहीत तिथलं काय? आणि एवढा खटाटोप कशाला, हवेच्या दाबावरून नाही का काढता येत?

मेघदर्शी
ढगांचं बरोबर आहे, पण ढग नक्की किती उंचीवर आहे तेच कळायला अवघड, त्यामुळे वेग बरोबर असला तरी चुकीच्या थरात धरला जातो. समुद्रावर स्कॅटरोमीटर चालतो, रडारने पाण्यावरच्या बारीक लाटा बघून वारा काढतात, पण तो फक्त पृष्ठभागाजवळचा.
निरभ्र हवेसाठी लेझर लागतो. युरोपियन स्पेस एजन्सीच्या एओलस उपग्रहाने (२०१८ ते २०२३) तेच केलं, ३२० किमीवरून अतिनील लेझर खाली सोडायचा, हवेचे रेणू, धूळ, ढग यांच्यावरून जो थोडासा प्रकाश परत येतो त्याची फ्रिक्वेन्सी किती बदलली ते बघायचं, त्यावरून वाऱ्याचा वेग. किती वेळाने परत आला त्यावरून उंची. सेकंदाला १ मीटर वारा असेल तर फरक पडतो साधारण १५ कोटीत एक भाग!! एवढंसं मोजायचं म्हणजे कमालच आहे, दुर्बिणीच्या आरशाचं तापमान जरा इकडेतिकडे झालं तरी वाऱ्यात चूक यायची, ते शोधून दुरुस्त करावं लागलं.

नभांगण
दाबाचं सांगतो. विषुववृत्तापासून लांब दाब आणि वारा यांचा मेळ बसतो, कोरिऑलिसमुळे (पृथ्वी फिरते म्हणून वारा वळतो तो परिणाम). विषुववृत्ताजवळ तो परिणाम इतका कमी की दाबावरून वारा नीट निघत नाही, थेट मोजावाच लागतो. आणि नेमकं तिथेच समुद्र जास्त, बलून सोडणारी केंद्रं कमी. म्हणून मला एओलस फार महत्त्वाचा वाटतो. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राने जानेवारी २०२० पासून त्याचा डेटा रोजच्या अंदाजात घेतला आणि अंदाज सुधारले, एकट्या उपग्रहाच्या मानाने चांगलेच.

चांदणवेल
अरे वा, हे माहीतच नव्हतं. मग पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण दोन्ही वारे मिळायचे का?

मेघदर्शी
नाही, लेझर एकाच तिरक्या रेषेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी मुख्यतः पूर्व-पश्चिम. तरी अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या मॉडेलला तेवढ्याचाही उपयोग होतो, बाकीचं ते इतर निरीक्षणांशी जुळवून घेतं. पुढच्या एओलस-२ ची तयारी चालू आहे, पण तो २०३० नंतरच.