मदत हवी आहे: १९९८ च्या गाडीचा हेडलाइट स्विच, लो बीम चालता चालता जातो

घाटवळण

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९८ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, कार्ब्युरेटरवाली. विकायची नाही, तो विषय घरात बोलून संपलाय, तेव्हा 'नवी घ्या' हा सल्ला कृपया नको.

परवा रात्री वाईहून पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पार्किंग लाइट चालू, मीटरमधले दिवे चालू, पुढे मात्र मिट्ट काळोख. अप्पर मारला तर लागतो, पण समोरून येणारा शिव्या घालतो. शेवटी कळलं की स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी जराशी वर दाबून धरली की लो बीम (खाली पडणारा नेहमीचा उजेड) येतो. मग काय, उजव्या हाताचं बोट दांडीखाली अडकवून वरपर्यंत गाडी नेली. बायको अख्खा घाट गप्प होती. ती गप्प असली की प्रकरण गंभीर असतं.

पाचगणीत थांबल्यावर स्टिअरिंगखाली हात लावला तर कव्हर चांगलंच गरम, आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास. अर्ध्या तासाने लाइट आपोआप नीट!

आमचे वायरमन म्हणतात कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे त्या दांडीचाच स्विच, गेला. पण आठ महिन्यांपूर्वीच डुप्लिकेट नवा टाकलाय. ओरिजिनल कुठे मिळत नाही. दुसऱ्या एकाने सुचवलं की १५ अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा टाका. टाकू का? की हाच स्विच उघडून दुरुस्त होतो?

तेलकट_हात

३० चा फ्यूज अजिबात टाकू नका. तुमचा फ्यूज उडतोय असं तुम्ही कुठे म्हटलंय? फ्यूज असतो तारा वाचवायला. तो जाड केला की उद्या स्विचऐवजी अख्खी वायरिंग जळेल.

आधी एक सांगा, बल्ब कितीचे आहेत? अंदाजाने नको. एक काढून बुडावर काय छापलंय ते वाचा. काचेला बोट लावू नका, रुमालाने धरा.

घाटवळण

काढून पाहिला. एच-४, १००/९०. वडिलांना विचारलं तर म्हणे, "उजेड कमी पडत होता म्हणून तेव्हा टाकले होते." तेव्हा म्हणजे कधी, ते त्यांनाही आठवत नाही.

तेलकट_हात

मग चोर सापडला. कंपनीचे बल्ब ६०/५५ चे असतात, म्हणजे अप्पर ६० वॉट, लो ५५. दोन लो बीम मिळून ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. तुमचे दोन मिळून १८० वॉट, म्हणजे १५. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटला रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच) नसतो, सगळा करंट दांडीतल्या इवल्याशा पितळी पत्त्यांतून जातो. पत्तीवर कार्बन धरला की ती तापते, तापली की प्लॅस्टिक मऊ पडतं, पत्ती मागे सरकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो. गार झालं की परत चिकटतो. म्हणून तुमचा अर्ध्या तासाचा चमत्कार.

मल्टिमीटर असेल तर लाइट चालू ठेवून स्विचमध्ये जाणारी तार आणि बाहेर येणारी तार यांच्यामध्ये मोजा. ०.२ व्होल्टच्या आसपास आला तर स्विच ठीक.

घाटवळण

इंजिन चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर १३.९. बल्बच्या प्लगवर ११.२. नुसत्या स्विचमध्ये १.८ जातोय.

सांगलीची_हळद

१.८ गुणिले १४ अँपिअर म्हणजे २५ वॉट. घरी सोल्डरिंग आयर्न असतो ना, तोही २५ वॉटचाच. तुम्ही तो स्टिअरिंगच्या कव्हरखाली पेटवून घाट चढलात!

आणि गंमत बघा, हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास पडतो. वडिलांना उजेड कमी वाटला तो बल्बमुळे नव्हे, तारांमुळे. मोठे बल्ब टाकून तारांवर अजून भार वाढवला.

तेलकट_हात

बरोबर. आता काम असं करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. हॉर्नचं पॅड काढा, स्टिअरिंगच्या नटाशी शाफ्टवर आणि व्हीलवर पेनने एका रेषेत खूण करा. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन आटे ठेवा. नाहीतर व्हील ओढताना तोंडावर येतं, माझा दात थोडक्यात वाचलाय. (हे एअरबॅग नसलेल्या गाडीचं सांगतोय. असेल तर हात लावू नका.)

स्विच उघडायचा तो परातीत. आत स्प्रिंगवर बसलेला छर्र्याएवढा बॉल असतो, तो उडाला की गेला. पत्त्या झिरो नंबर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. टोकावरचं चांदीचं बटण शाबूत असेल तर स्विच चालेल. ते झिजून खालचं पितळ दिसत असेल तर घासण्यात अर्थ नाही. पुण्यात नाना पेठेत फोटो दाखवून शोधा.

पण रिले न टाकता स्विच बदलू नका, पुन्हा आठ महिन्यांनी इथेच भेटू. लोला एक, अप्परला एक. बॅटरीवरून फ्यूज लावून अडीच स्क्वेअर एमएमची तार रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला. ८५-८६ ही रिले चालू करणारी कॉइल, ती जुन्या प्लगवर. आता स्विचमधून जाईल तो फक्त कॉइलचा करंट, अर्धा अँपिअरसुद्धा नाही. बल्ब ६०/५५ च.

सांगलीची_हळद

थांबा, त्याआधी एक तपासा. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच प्लसच्या नाही, अर्थच्या (निगेटिव्हच्या) बाजूला असतो. दोन्ही हेडलाइटचे प्लग काढा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि लो चालू करून तिन्ही पिनांना टोक लावा. जी पिन पेटवते ती लक्षात ठेवा, मग अप्पर करा. पेटणारी पिन बदलली तर साधी वायरिंग. तीच पेटत राहिली तर स्विच अर्थच्या बाजूला. मग कॉइलचं एक टोक त्या कायम प्लस पिनवर आणि दुसरं लो किंवा अप्परच्या पिनवर जाईल. रिलेचे तयार हार्नेस (तारांचे जोडलेले संच) घेतानाही हे विचारून घ्या, मी न विचारता घेतला आणि रविवार फुकट गेला.

घाटवळण

अपडेट. आमच्याकडे पिन बदलली, म्हणजे साधी वायरिंग. चांदीची बटणं अर्धी शिल्लक होती, घासून बसवली. बॉल परातीतूनही उडाला, दीड तासाने पायपुसण्यात सापडला. रिले बसले. बल्बवर आता १३.४ आणि स्विचचं कव्हर एकदम गार. ६०/५५ असून आधीच्या १००/९० पेक्षा जास्त दिसतंय. वडिलांना रात्री एक चक्कर मारून आणली. म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, वायरमन बदल."

एकच राहिलं. डाव्या बल्बचा जुना प्लग तपकिरी झालाय, एक पिन ढिली वाटते. तो तसाच ठेवला तर चालेल?

तेलकट_हात

नाही. सिरॅमिकचा घ्या, आणि पिनेवर तार नीट क्रिंप करून (पकडीने दाबून) घ्या. नुसती पिळून टेप गुंडाळू नका.