मदत हवी आहे: ठिबकच्या जुन्या नळ्या आणि केळीच्या धाग्याच्या फळ्या पावसात फुगतात

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. आमचा बायकांचा बचत गट केळीच्या खोडापासून धागा काढतो. लांब, स्वच्छ धागा दोर आणि पिशव्यांना जातो. आखूड, गुंतलेला माल मागे उरतो. दुसरीकडे उसाच्या शेतांत ठिबकच्या निकामी नळ्यांची भेंडोळी पडलेली दिसतात. कुठे उंदरांनी कुरतडलेल्या, कुठे क्षार बसून बंद पडलेल्या, काही तर २०१९ च्या महापुरातल्या गाळाने भरलेल्या. असला मातकट माल भंगारवाला घेत नाही, मग त्या बांधावर पेटवतात आणि तो काळा धूर वस्तीवरच्या पोरांच्या छातीत जातो. मला ते बघवत नाही. म्हणून या दोन्हींच्या फळ्या करायचं ठरवलं: बसायचे बाक, रोपवाटिकेतल्या मांडण्या, शेळ्यांच्या मचाणाचा तळ.

कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्यात मशीन मोकळं असेल तेव्हा वापरायला मिळतं. नळ्या धुऊन ग्राइंडरमधून काढतो, उन्हात वाळवलेला धागा बोटाच्या पेराएवढा कापतो आणि शंभर किलोत तीस किलो धागा या हिशेबाने एक्स्ट्रूडरला (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनला) देतो. गरम लगदा साच्यात दाबतो आणि फळ्या करवतीने मापात कापतो.

वरून फळी छान दिसते. पण पावसात राहिली की कापलेल्या कडा फुगतात आणि स्क्रूभोवती चीर जाते. मोडून पाहिली तर आत बारीक बुडबुडे असतात. धागाही तुटलेला नसतो, सबंधच्या सबंध उपटून आलेला असतो. मशीनवर करपलेल्या साखरेसारखा वास येतो.

एक जण म्हणतो धागा कॉस्टिक सोड्यात बुडवा, दुसरा म्हणतो कपलिंग एजंट (धागा आणि प्लास्टिक जोडणारं रसायन) घाला. गटाकडे सध्या एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत. आधी काय करू? आणि केळीच्या धाग्याऐवजी उसाचं चिपाड चालेल का?

एमआयडीसीतला:
ताई, लक्षणं नीट टिपलीत, त्यामुळे सांगणं सोपं झालं. बुडबुडे म्हणजे पाणी. धागा हाताला कोरडा लागला तरी हवेतली ओल धरून असतो, आणि बॅरलमध्ये (मशीनच्या तापत्या नळकांड्यात) तिची वाफ होते. उन्हावर भागणार नाही. १०० ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा आणि काढल्या काढल्या मशीनला द्या. श्रावणातल्या हवेत उघडा राहिला तर तो परत ओल पिणार.

वास येतो तो तापमानामुळे. २०० अंशांच्या आसपास वनस्पतीचा धागा करपायला लागतो. ठिबकच्या नळ्या पॉलिथिलीनच्या असतात (भारतीय मानक १२७८६), बहुतेक एलएलडीपीई या लवचीक प्रकाराच्या. ते १२५ अंशांच्या आत वितळतं. तुमच्या मशीनला १५० ते १७० पुरेल. ऑपरेटर दुसऱ्या मालाच्या सवयीने जास्त ठेवत असेल तर बोर्डावर नजर ठेवा.

धागा उपटून येतो याचं कारण प्लास्टिकने त्याला धरलेलंच नाही. धाग्याला पाणी आवडतं, पॉलिथिलीन पाण्याला जवळ येऊ देत नाही. कपलिंग एजंटमधला मॅलेइक ॲनहायड्राइडचा भाग धाग्याला रासायनिक बंधाने चिकटतो आणि त्याची शेपटी प्लास्टिकमध्ये मिसळते. एकूण वजनाच्या २ ते ५ टक्के लागतो. मात्र पॉलिथिलीनवर चढवलेलाच मागा. दुकानात पॉलिप्रॉपिलीनवर चढवलेला पुढे करतील, तो तुमच्या नळ्यांना जुळणार नाही. खताची विणलेली पोतीही बरीचशी पॉलिप्रॉपिलीनची असतात, म्हणून त्यांचा चुरा त्यात घालू नका.

चुरा पाण्याच्या टाकीत टाकून घेता ना? पॉलिथिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. सबमेनचा (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाइपचा) एखादा पीव्हीसी तुकडा आत गेला की आम्लाचा वायू सुटतो. तो फुफ्फुसाला घातक आणि बॅरललाही. ड्रीपरमधले रबरी पडदेसुद्धा निवडून काढा, ते वितळत नाहीत.

तासगावकर:
कॉस्टिकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आता नको. ५ टक्क्यांच्या द्रावणाने धाग्यावरचा मेण आणि लिग्निनचा (वनस्पतीतल्या चिवट घटकाचा) थर निघतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, पकड वाढते. हे सगळं खरं. पण ते पाणी नंतर टाकणार कुठे? ओढ्यात सोडलं तर शेवटी कृष्णेतच येणार. आम्ल घालून ते उदासीन करायची सोय आणि हातमोजे, चष्मा असल्याशिवाय बायकांच्या हाती ते काम देऊ नये. गरम पाण्याने दोनदा खळखळून धुतलं तरी चिकट गर, माती बरीच जाते.

कडा फुगतात त्याचं कारण करवत. साच्यातून आलेल्या फळीवर प्लास्टिकची पातळ साय असते, कापलं की धाग्याची टोकं उघडी पडतात आणि पाणी तिथून आत शिरतं. शक्य तर मापाचाच साचा करा. कापावंच लागलं तर तापवलेल्या लोखंडी पट्टीवर कड दाबून सील करा. धागा ३० वरून २० टक्क्यांवर आणून बघा. प्रमाण चढलं की धाग्याला धागा टेकतो आणि पाण्याला वाट मिळते. लांबीही कमी करा, एक्स्ट्रूडरला ३ ते ५ मिलिमीटर बास.

चिपाड चालतं, पण त्यातला मऊ गर पाणी शोषतो, तो चाळून काढावा लागतो. शिवाय साखर कारखाने हेच चिपाड बॉयलरला जाळून वीज करतात, त्यामुळे फुकट मिळायचं नाही. पाचटाचा विचार मात्र करू नका. ते शेतात कुजलेलंच बरं, जमिनीला त्याची गरज आहे.

आणि एक विनंती, याची गव्हाण करू नका. जनावर कड चावतं आणि प्लास्टिक पोटात जातं.

कृष्णाकाठची:
दोघांचेही मनापासून आभार. गव्हाणीची मागणी खरोखर आली होती, ती नाकारते. ओव्हन आणि तापमान आधी, मग कपलिंग एजंट, असं ठरवलं. फरक मोजायचा कसा? अंदाजावर विकायचं नाही.

एमआयडीसीतला:
सारख्या मापाचे तुकडे कोरडे तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. वजन किती टक्के वाढलं आणि कडेची जाडी किती वाढली, लिहून ठेवा. एजंट घातलेला आणि न घातलेला तुकडा शेजारी शेजारी बुडवा. ताकदीसाठी वालचंदसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा, विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवाच असतो. आणि नळ्यांतला कार्बन ब्लॅक (काजळीसारखा काळा रंग) उन्हापासून प्लास्टिक वाचवतो. फळ्या काळ्याच राहू द्या, बाहेरच्या बाकांना त्याचा फायदा आहे.

कृष्णाकाठची:
काळ्याच ठेवते. आता एकच अडचण. व्यापारी कपलिंग एजंटची २५ किलोची पूर्ण बॅगच देतो, आम्हाला चाचणीला दोन-तीन किलो पुरेत. मिरज, कुपवाड किंवा इस्लामपूर भागात कोणाकडे पॉलिथिलीनवाला उघडलेला माल असेल, किंवा बॅग वाटून घ्यायची असेल, तर कृपया इथेच कळवा. रोख देऊन स्वतः येऊन घेऊन जाईन.