इंदूरच्या एबी (आग्रा-मुंबई) रोडवरचे मैलाचे दगड: जपायचे की रुंदीकरणात जाऊ द्यायचे?

जुना_इंदूरकर
रस्ता रुंद करताना मैलाचे जुने दगड उखडून मुरमाच्या ढिगात टाकतात, हे थांबायला हवं. राऊकडे जाताना एक पाहिला. अर्धा डांबरात गेलेला, वर चुन्याचे थरावर थर. पापुद्रा नखानं काढला की छिन्नीनं कोरलेला आकडा बोटाला लागतो. तो मैलांचा. १९५६ च्या कायद्यानंतर देश दशमान पद्धतीकडे वळला आणि किलोमीटरचे दगड आले, म्हणजे हा साधारण त्याआधीचाच. होळकर आणि इंग्रजांमधल्या १८१८ च्या मंदसौर तहानंतर जवळच महूला इंग्रजांची छावणी बसली, आग्रा-मुंबई रस्ता आपल्या शहरातून गेला. त्या काळचं रस्त्यावर दुसरं काय उरलंय? १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात शंभर वर्षांचा शिलालेखही बसतो. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातला कोसमिनार, म्हणजे अंतर दाखवणारा मुघलकालीन मनोरा, जपला, मग हे का नकोत?

रोजचा_प्रवासी
दादा, कोसमिनार कुठे आणि गुडघ्याएवढा दगड कुठे! शिवाय तुमचा दगड १९४० चा निघाला तर शंभर वर्षं भरतच नाहीत. आणि केंद्राचं संरक्षण मिळालंच, तर २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे भोवती १०० मीटरांत बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्या. दर मैलाला हे लावलं तर रस्त्याकाठच्या माणसानं घरावर मजला चढवायचा कसा? आधी होळकरांच्या छत्र्या (स्मारकं) आणि लालबाग राजवाडा नीट सांभाळा. दगड गोळा करून संग्रहालयात ठेवा.

महूवाली
संग्रहालय नको. जागेवरून उचलला की त्यावरचं अंतरच खोटं ठरतं, मग उरतो नुसता पाषाण. केंद्राचा कायदा मात्र मलाही जड वाटतो. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले मैलदगड शहराच्या वारसा यादीत आहेत. त्यातले काही पदपथात गाडले गेले होते, ते महापालिकेनं मोकळे केले. आपल्याकडेही शहराच्याच पातळीवर व्हावं.

जुना_इंदूरकर
पटलं. हलवायचाच झाला तर रस्त्याला काटकोनात, तीन-चार मीटर मागे न्यायचा. अंतर तेच राहतं, दुचाकीवाल्यालाही धोका नाही. पण हे निविदेतच लिहा: काम सुरू होण्याआधी प्रत्येक दगडाचा फोटो आणि जागेची नोंद, परत बसवल्याशिवाय शेवटचं बिल नाही. मुकादमाला तोंडी सांगून भागत नाही, जेसीबीवाला आठवड्याला बदलतो.

रोजचा_प्रवासी
बिलाची अट उत्तम, ती मला मान्य. पण शहरात तीन मीटर आणायचे कुठून? दुकानाच्या ओट्यापर्यंत पेव्हर आलेत.

महूवाली
तिथे दर्शनी भिंतीत चिणा, आकडा रस्त्याकडे.

रोजचा_प्रवासी
भिंत दुकानदाराची आहे, ताई. उद्या तो पाडून नवी बांधेल आणि दगड मलब्यात जाईल, त्याला कोण अडवणार? शहराबाहेरच्या दगडांना माझा पाठिंबा. शहरातल्यांसाठी मी अजून संग्रहालयच म्हणेन.