गुत्तेदाराकडे पाच वर्षं देखभाल आहे, तरी रस्ता उखडला – नेमके कोणते कागद मागू?

नमस्कार मंडळी. आमचं गाव गोदाकाठचं, चहूकडे काळं रान. गाव ते हमरस्ता हा सव्वाचार किलोमीटरचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाला. तोंडाशी फलक आहे: काम पूर्ण मे 2023, पुढची पाच वर्षं देखभाल त्याच गुत्तेदाराकडे. कोणत्या वर्षी किती रक्कम, तेही रंगवलंय. म्हणजे मुदत मे 2028 पर्यंत आहे.

ओढ्याजवळच्या मोरीचं तोंड गाळानं पार बुजलंय. पाणी नळीतून न जाता रस्त्यावरून वाहतं, कडेला मुरतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग वरचं डांबर पापडासारखं सुटतं. तिथली हातभर कड तुटून खाली गेलीय. मागच्या श्रावणात माझी वहिनी दुधाचे कॅन घेऊन येताना तिथंच गाडीवरून पडली, मनगट मोडलं. त्यानंतर गुत्तेदाराची माणसं ट्रॉलीभर मुरूम घेऊन आली, खड्ड्यात ओतला, फावड्यानं थोपटला आणि गेली. दोन पावसांत मुरूम शेतात वाहून गेला. मोरीला कुणी हात लावला नाही.

कार्यालयात गेलो तर म्हणतात, गुत्तेदाराला सांगा. गुत्तेदार म्हणतो, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता मोडला, ते माझ्याकडं नाही. ट्रॉल्या जातात हे खरंय, कारखाना सुरू झाला की रात्रभर जातात. पण मोरीतला गाळ काढायचा आणि उसाचा काय संबंध?

माझे चुलते मैलकुली होते. त्यांना टप्पा नेमून दिलेला असायचा. मिरगाच्या आधी फावडं-घमेलं घेऊन नाल्या काढायचे, मोऱ्या उघड्या करायचे. काम गुत्त्यानं द्यायला माझी हरकत नाही. पण आता रस्त्याकडं बघणारा माणूस कोण, हेच गावाला कळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

देखभालीचा करार आणि दिलेली बिलं माहितीच्या अधिकारात मिळतील का? अर्ज कुणाकडं करू? आणि ट्रॉल्यांचं काय उत्तर देऊ?

प्रतिसाद:
दादा, मिळतात. फक्त "सगळी माहिती द्या" असा अर्ज करू नका. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. जिल्ह्यात ग्रामसडक योजनेचं काम बघणाऱ्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. देखभालीचा करार मागा, आणि गेल्या वर्षीची बिलं पाहणीच्या फोटोंसकट मागा. या रस्त्यांची देखभालीची बिलं ई-मार्ग प्रणालीतून निघतात, त्यासाठी अभियंत्यानं रस्ता पाहून फोटो टाकायचे असतात. मोरी बुजलेली असताना बिल निघालं असेल, तर फोटो कुठल्या मोरीचा, हे त्यांना सांगावं लागेल. ट्रॉल्यांच्या वादात पडूच नका. नाल्या-मोऱ्या मोकळ्या ठेवणं नेहमीच्या देखभालीतच येतं, तेवढंच धरून बसा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. उद्या सकाळीच मोरीचे फोटो काढतो, जागा दाखवायला वहिनी येते म्हणाली. फलकावरचे आकडे पुसट व्हायला लागलेत, त्याचाही फोटो आताच काढून ठेवू का?